कापड आणि कॅमेरा : खानदेशातील तरुण छायाचित्रकारांच्या कामाची प्रस्तावना

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत कॅमेऱ्यावर उपजीविका करणारी जी तरुण पिढी आज उभी राहिली आहे, तिच्या कामाची दखल अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच घेतली गेली आहे. लग्नसराईत दिवसरात्र फोटो काढणारी, उरलेल्या दिवसांत बाजारातून कपडे आणि दागिने हेरून आणणारी, ते मित्रमैत्रिणींना घालून त्यांना भल्या पहाटे एखाद्या किल्ल्यावर किंवा नदीकाठी नेऊन उभी करणारी ही मुलेमुली घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या लेखी अजूनही हौशी ठरतात. वास्तविक कापडाची पारख, प्रकाशाची जाण आणि वाट तुडवण्याची तयारी या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्याशिवाय हे काम होत नाही, आणि या तिन्ही गोष्टींना खानदेशात दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. ती परंपरा या तरुणांना फारशी सांगितली गेलेली नाही. ती आजच्या कामाशी जोडून दाखवावी, एवढ्यासाठी हे विवेचन आहे.

विवेचनात वारंवार येणाऱ्या काही शब्दांचा अर्थ आधी निश्चित केलेला बरा. ‘पेहराव’ म्हणजे अंगावरचे कापड, दागिने, केशरचना आणि ते सारे वागवण्याची ढब यांचा एकत्रित परिणाम. या पेहरावात अल्प काळात बदल होऊन तो अनुकरणाने पसरू लागला, की त्याला ‘फॅशन’ म्हणतात. ‘शूट’ हा शब्द व्यवसायात ज्या अर्थाने रुळला आहे, त्यात व्यक्ती, पेहराव, जागा आणि वेळ ही चारही अंगे आधी ठरवून केलेले छायाचित्रण अभिप्रेत असते; समारंभात जे समोर घडेल ते टिपणे याला हीच मंडळी ‘कँडिड’ म्हणतात. ‘खानदेश’ हा शब्द येथे जुन्या जिल्ह्याच्या अर्थाने घेतला आहे. १९०६ मध्ये त्या जिल्ह्याचे जळगाव मुख्यालय असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्यालय असलेला पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी या प्रदेशाची ठेवण असल्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन काळ्या रानावरून फारसा अडथळा न येता लांबवर पसरते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि माथ्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. म्हणून येथील शूट पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी आटोपते, आणि ही शिस्त कोणत्याही शाळेने शिकवलेली नसून इथल्या सूर्याने लावलेली आहे.

या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा आरंभ अजिंठ्याच्या वाटेवर होतो. लेणी आज प्रशासनाच्या दृष्टीने शेजारच्या जिल्ह्यात असली, तरी फर्दापूरमार्गे जळगावहून तेथे जाण्याचा प्रघात जुना आहे आणि खानदेशच्या मनात ती आपलीच आहेत. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करण्यासाठी नेमले. त्याच्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्याआधीच तो कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याची छायाचित्रे आणि जेम्स फर्ग्युसनचा मजकूर असलेली पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील छायाचित्रे ‘स्टिरिओस्कोपिक’ होती, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये असते तेवढे अंतर राखून एकाच दृश्याची दोन चित्रे घेतलेली असत आणि ती विशिष्ट भिंगांतून पाहिली असता दृश्याला खोली येत असे. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो वाळण्याच्या आत चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ते प्रकट करावे लागे. रसायनातील ईथर आणि मद्यार्क उष्णतेने झपाट्याने उडतात, तेव्हा या भागातल्या उन्हाळ्यात छायाचित्रकाराच्या हाती किती थोडी मिनिटे उरत असतील, याची कल्पना जळगावचा मे महिना सोसलेल्या कोणालाही येईल. काच, रसायने, पाणी आणि तंबू गाड्यावर लादून फिरणारा गिल हा या प्रदेशातल्या पहिल्या प्रवासी छायाचित्रकारांपैकी एक होय. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि भुसावळला त्याचे दफन झाले.

अजिंठ्याकडे पेहरावाच्या अंगाने पाहिले, तर तेथे छायाचित्रकाराला उपयोगी पडेल असा खजिना आहे. सतराव्या लेण्यात आरशात पाहत प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे अंगरखे घातलेले परदेशी पुरुष आहेत. अनेक आकृत्यांच्या कमरेखालच्या वस्त्रांवर आडवे पट्टे आहेत. मोतीचंद्र यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ या ग्रंथात अशा चित्र-शिल्पांचा पुरावा वापरून कापडाचा इतिहास मांडला, आणि पुढच्याच वर्षी गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरील इंग्रजी ग्रंथ आला. मुंबईत काम करणाऱ्या या दोन विद्वानांनी जे प्रश्न विचारले ते साधे होते : वस्त्र शिवलेले आहे की गुंडाळलेले, काठ कोठे येतो, कोणत्या दर्जाची व्यक्ती कोणता दागिना घालते. कपडे हेरायला निघालेल्या आजच्या छायाचित्रकाराने नेमके हेच प्रश्न बरोबर न्यावेत, इतके ते उपयुक्त आहेत.

कापड पिकवणे, विणणे आणि रंगवणे ही खानदेशची जुनी ओळख आहे. काळ्या जमिनीतला कापूस, मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुऱ्हाणपूरचे विणकाम आणि जर, फैजपूरची रंगाई, पुढे अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल अशी ही साखळी आहे. फैजपूरलाच डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याच्या सजावटीची जबाबदारी चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती, आणि तेथे जमलेल्या जनसमुदायाच्या अंगावरची खादी हा केवळ पोशाख नव्हता, तो एक जाहीर पक्ष होता. जळगावातील मिलच्या जागेवर आता तयार कपड्यांची दालने असलेले व्यापारी संकुल आहे. ज्या आवारात सूत निघत असे, त्याच आवारात तरुण मुले दुसरीकडे शिवलेले कपडे निवडतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत हे ठाऊक नसते.

कापड आणि कॅमेरा यांचा संबंध किती नाजूक आहे, हे जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतून कळते. सुरुवातीच्या काचांवरील रसायन जवळजवळ केवळ निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. पुढे ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणजे निळ्या-हिरव्याला संवेदनशील असलेल्या फिल्म आल्या, तरी तांबड्या रंगाची नोंद त्यांवर होत नसे. परिणामी लाल लुगडे छायाचित्रात काळे दिसे, कुंकू काळ्या टिकलीसारखे उमटे आणि निळे कापड पांढुरके होई. घरातल्या जुन्या फोटोत पणजीच्या अंगावर काळे पातळ पाहून ती संक्रांतीची चंद्रकळा असावी असा तर्क नातवंडे करतात. प्रत्यक्षात ते लग्नातले लालभडक लुगडे असण्याचा संभव बराच असतो. सर्व रंग सारखे टिपणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म सर्वत्र रुळेपर्यंत स्टुडिओवाल्याला कोणत्या रंगाचे काय होते हे तोंडपाठ ठेवावे लागे. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत कोट, टाय, कंगवा, पावडर आणि आरसा ठेवलेला असे, रंगवलेल्या पडद्यावर महाल किंवा बाग असे, आणि शेतावरून आलेला तरुण तो कोट अंगावर चढवून मुलीकडच्यांना पाठवायचा फोटो काढून घेई. आफ्रिकेतील माली देशात बामाको येथे सेदू केइता याने १९४८ मध्ये स्टुडिओ थाटला, तेव्हा त्यानेही ग्राहकांसाठी कपडे, घड्याळ आणि रेडिओ अशा वस्तू ठेवल्या होत्या, आणि पुढे ती छायाचित्रे जगभरच्या कलादालनांत मानाने लावली गेली. चोपडा किंवा साक्री येथील स्टुडिओवाल्याचे काम त्याच जातीचे होते. त्याच्या काचा आणि निगेटिव्ह मात्र बहुतेक ठिकाणी रद्दीत किंवा माळ्यावर गेल्या.

या सगळ्या परंपरेत एका व्यक्तीपाशी अधिक काळ थांबणे भाग आहे. केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला, कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावात होता, आणि तरुण वयात त्यांनी इंग्लंडला जाऊन व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रण त्या शिक्षणाचाच भाग होते. युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावला परतले आणि रेल्वे स्थानकाजवळच्या दगडी बंगल्यात ३१ डिसेंबर १९८९ रोजी मृत्यू येईपर्यंत राहिले. सुमारे पाच दशकांच्या या काळात ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. प्रेयसीने येण्याचे वचन दिले होते, म्हणून पंजाब मेलच्या वेळी ते रोज दार उघडे ठेवीत, ही कथा खानदेशात घरोघरी सांगितली जाते. कथा हृद्य आहे, पण तिने मूस यांच्या कारागिरीवर सावली धरली आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. त्यांच्याविषयी बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जण रेल्वेची वेळ सांगतात आणि त्यांच्या छायाचित्रांविषयी एक वाक्यही सांगू शकत नाहीत.

मूस यांचे सामर्थ्य ‘टेबलटॉप’ छायाचित्रणात होते. टेबलावर लहान वस्तू मांडून त्यांतून मोठ्या दृश्याचा आभास निर्माण करणे, हे या प्रकाराचे तत्त्व आहे. काटकी झाड होते, पिंजलेला कापूस ढग होतो, भुकटीचा बर्फ होतो. मात्र वस्तूंचे परस्परांशी प्रमाण थोडे जरी चुकले तरी सगळा डाव उघडा पडतो. लहान वस्तू जवळून टिपताना थोडाच भाग स्पष्ट येतो, म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागते, छिद्र बारीक केले की प्रकाश कमी पडतो, आणि मग बराच वेळ झाकण उघडे ठेवून वाट पाहावी लागते. जग पाहून आलेल्या माणसाने चाळीसगावच्या एका खोलीत जग पुन्हा मांडले, असे त्यांच्या कामाचे वर्णन करता येईल. प्रवासाशिवाय छायाचित्र नाही असे मानणाऱ्या आजच्या पिढीने त्यांचे जतन केलेले घर अवश्य पाहावे, कारण दूरची जागा गाठणे आणि समोरची वस्तू नीट पाहणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत व दुसरी अधिक दुर्मीळ आहे.

आजचा तरुण छायाचित्रकार मूस यांच्या उलट दिशेने निघालेला दिसतो. त्याचा आठवडा जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोड आणि पाचकंदील परिसरातल्या दुकानांत सुरू होतो. नव्या कापडापेक्षा जुन्याचा शोध त्याला अधिक प्रिय असतो : आजीच्या ट्रंकेतले जरीचे लुगडे, सराफाकडे मोडीत म्हणजे वितळवण्यासाठी आलेले चांदीचे कडे, सोनगीरच्या तांबटांनी घडवलेली घागर, कोणीतरी टाकून दिलेला मिलचा खाकी कोट. मोड म्हणून आलेला दागिना वितळण्यापूर्वी एखाद्या शूटसाठी मागून घेतला जातो, तेव्हा त्या दागिन्याचे ते अखेरचे आणि बहुधा एकमेव छायाचित्र असते. या एका कारणासाठीसुद्धा या शोधाशोधीकडे आदराने पाहिले पाहिजे. दुसऱ्या टोकाला लग्नाआधीच्या शूटसाठी भाड्याने मिळणारे लांब शेपटाचे गाउन आणि एकसारख्या शेरवान्या आहेत. त्यांत नवरानवरी खानदेशचे आहेत की आणखी कोठले, हे चित्रावरून ओळखता येत नाही. ग्राहक मागतो ते द्यावे लागते हे खरे. परंतु आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींचे झोके, श्रावणात नारळाला नथ आणि वस्त्र लेववून मांडलेली कानबाई, केळीच्या बागेतली हिरवी सावली हे सारे दाराशी असताना शेपटाच्या गाउनवर सगळी कल्पकता खर्च होते, ही खेदाची गोष्ट आहे. ज्यांचे कुटुंब शिरपूरचे होते त्या अभिनेत्री स्मिता पाटील यांनी १९७० च्या दशकात हातमागाच्या साध्या साड्या ज्या डौलाने वागवल्या, त्याने एका पिढीची साडीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पेहरावाची प्रतिष्ठा किमतीवर ठरत नाही याचा इतका जवळचा दाखला दुसरा नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी हा विषय गंभीर होतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतल्या आठवडे बाजारांना भोंगऱ्याचे रूप येते. पावरा, बारेला आणि भिल्ल समाजाचे तरुण-तरुणी ढोलाच्या तालावर नाचत येतात, मैत्रिणी एकाच रंगाचे कापड घेऊन सारखे पोशाख शिवतात, गळ्यात आणि कमरेला जाड चांदी असते. नंदुरबारमधील काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेची नक्षी आणि कमरेला घुंगरू बांधलेले ‘बावा’ दिसतात. त्यांनी त्यासाठी काही दिवस कडक व्रत पाळलेले असते. छायाचित्रकारांचे जथे आता या दोन्ही ठिकाणी जातात. ज्याला ते पोशाख म्हणून टिपतात, तो घालणाऱ्याच्या दृष्टीने नवस असतो, हे भान सुटले की छायाचित्र सुंदर येऊनही खोटे पडते. वासाहतिक सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ प्रसिद्ध केले, त्यात माणसे जात आणि जमातीच्या नावाखाली मांडली गेली, आणि अनेक चेहऱ्यांना स्वतःचे नाव उरले नाही. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन याने स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृत्या वेगळ्या दृश्यांवर छापून मुंबईच्या ‘जातीजमातीं’चे दोन खंड काढले, आज संगणकावर पार्श्वभूमी बदलणारे तंत्र तितके जुने आहे. दीडशे वर्षांनंतर मोबाइलच्या पडद्यावर ‘आदिवासी लूक’ एवढ्याच शब्दांत एखादी मुलगी झळकते, तेव्हा जुनी चूक नव्या यंत्राने पुन्हा होत असते. तिचे नाव विचारणे, तिची संमती घेणे आणि छापील प्रत तिच्या पाड्यावर पोहोचवणे या तीन गोष्टींना खर्च फार येत नाही. बंजारा तांड्यावरच्या फेटिया आणि काचळीवरील आरशांचे भरतकाम भाड्याने मागणाऱ्यांनाही हाच न्याय लागू आहे.

प्रवासाचे व्यावहारिक अंग थोडक्यात सांगता येईल. लळिंग, भामेर, सोनगीर आणि पारोळ्याचे किल्ले, पाटणादेवीचे रान, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, सातपुड्यातले पाल ही येथील शूटची नित्याची ठिकाणे आहेत. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात मोडते, पालच्या लगत यावल अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय तेथे कपडे बदलण्याचे तंबू आणि प्रकाशाची उपकरणे नेऊ नयेत. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि ती रंगांच्या रक्षणासाठी आहे. २०२१ च्या नियमांनी ड्रोन उडवण्यालाही मर्यादा घातल्या आहेत. या क्षेत्रात येणाऱ्या मुलींपुढे मात्र याहून अवघड प्रश्न असतो, कारण पहाटे चारला घर सोडणे आणि आडरानात थांबणे याची परवानगी त्यांना आधी घरातून मिळवावी लागते. नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन दिल्लीतल्या राजकीय घडामोडी टिपत होत्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, हे पालकांना सांगण्याजोगे आहे.

कायद्याची एक बाब बहुतेक तरुणांना ठाऊक नसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ग्राहक असतो. म्हणजे लग्नाचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर आधी लेखी ठरवून घेणे छायाचित्रकाराच्याच हिताचे आहे. आणि स्वतःच्या कल्पनेने, स्वतःच्या खर्चाने केलेल्या शूटवर हक्क त्याचा राहतो, म्हणून असे काम दरवर्षी थोडे तरी करावे.

जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत आणि नव्या छायाचित्रकारांचे काम हार्ड डिस्कमध्ये नावगावावाचून पडून आहे. या दोन्ही टोकांना नोंदीचा अभाव सारखाच आहे. धुळ्यात वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने कागदपत्रे जपण्याचा जो वस्तुपाठ घालून दिला, तो छायाचित्रांच्या बाबतीत अजून कोणी गिरवलेला नाही. त्याची सुरुवात घरापासून करता येते. वाचकांनी आपल्या घरातला सर्वांत जुना फोटो फ्रेमबाहेर काढावा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून त्यातल्या प्रत्येकाचे नाव, गाव, अंदाजे साल आणि लुगड्याचा खरा रंग विचारून घ्यावा, व ते सारे फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे.